गच्चीवर सोलर, तरी रात्रीचा एसी कोळशावरच का?

पार्ल्यातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा प्रश्न आहे. त्यांनी गच्चीवर सोलर बसवलं, कॉमन मीटरचं बिल जवळजवळ शून्यावर आलं. मग त्यांनी पेपरात वाचलं की देशाची निम्मी वीजक्षमता आता कोळसा आणि गॅसशिवायची झाली. त्याच पानावर दुसरी बातमी होती, देशाने एका वर्षात शंभर कोटी टनांहून जास्त कोळसा काढला. ते विचारतात, दोन्ही खरं कसं? आणि मुंबईला तर टाटांची पाण्याची वीज येते, मग आपला कोळशाशी संबंध किती? अजून किती वर्षं हे चालणार?

मी पस्तीस वर्षं औष्णिक केंद्रांत काढली. पहिली वीस बॉयलरच्या पायाशी, पुढची कंट्रोल रूममध्ये आणि कागदांत. त्यामुळे उत्तर थोडं लांबणार.

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. जून 2025 अखेर देशाची स्थापित क्षमता साधारण 4 लाख 85 हजार मेगावॉट होती आणि त्यातली निम्मी सोलर, वारा, जलविद्युत, अणू वगैरेंची. पण क्षमता म्हणजे डब्याचा आकार, डब्यात जेवण किती ते वेगळं. शंभर मेगावॉटचं सोलर वर्षभराची सरासरी काढली तर वीस-पंचवीस मेगावॉट देतं, कारण रात्र असते, ढग असतात. शंभर मेगावॉटचं कोळशाचं युनिट, म्हणजे केंद्रातला वीज बनवणारा एक संच, सरासरी सत्तरच्या आसपास देतं. म्हणून डब्यांत बरोबरी झाली तरी प्रत्यक्ष तयार झालेल्या वीजेत अजून चारातली जवळपास तीन युनिटं कोळशाची.

त्यात मागणी थांबलेली नाही. साधारण दहा वर्षांत देशाची वार्षिक वीजनिर्मिती हजार अब्ज युनिटांवरून सतराशे अब्जांच्या पुढे गेली. 1947 साली माणशी वर्षाला 16 युनिट वीज होती, 2023-24 मध्ये 1395. एवढ्या वाढीत कोळशाचा टक्का एखाद-दोनने खाली आला तरी टनांचा आकडा वरच जातो. ब्रिटनने 30 सप्टेंबर 2024 ला रॅटक्लिफचं शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं, त्याचं उदाहरण लोक देतात. तिथे विजेची मागणी वीस वर्षांपूर्वीपेक्षा कमी आहे आणि उत्तर समुद्राचा गॅस हाताशी होता. आपल्याकडे या दोन्हीतलं काहीच नाही.

आता मुंबईचं. इथे गोष्ट उलटी आहे आणि मला ती फार आवडते. मुंबईच्या गिरण्या आधी वाफेवर चालायच्या. कोळसा यायचा बंगालच्या बाजूने, लांबून आणि महाग. म्हणून घाटावर पाऊस अडवायचा आणि खाली खोपोलीत सोडायचा, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ते 1904 साली गेले, कंपनी 1910 साली उभी राहिली आणि खोपोलीची वीज 1915 साली गिरण्यांत आली. 1922 ला भिवपुरी, 1927 ला भिरा. म्हणजे देश कोळशाच्या इंजिनावर चालत असताना या शहराने पाण्याने सुरुवात केली. फुकट मात्र नाही. भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशीच्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. स्वच्छ वीज म्हटली की मला आधी तो आठवतो. विजेची किंमत कुणीतरी भरतच असतं, बहुतेक वेळा ज्याच्या घरात दिवा लागत नाही तो.

ही तीन केंद्रं मिळून आज सुमारे 447 मेगावॉट. मुंबईची उन्हाळ्यातली सर्वोच्च मागणी 4000 मेगावॉटच्या वर. म्हणजे पाण्याचा वाटा उरला एका कोपऱ्यापुरता. शहर वाढलं तसं 1956 साली ट्रॉम्ब्याला औष्णिक केंद्र आलं. 1984 साली तिथे देशातलं पहिलं 500 मेगावॉटचं युनिट लागलं. नव्वदच्या दशकात डहाणूला 250 मेगावॉटची दोन युनिटं आली. आज ट्रॉम्ब्यात कोळशाचे 750 मेगावॉट, गॅसचे 180 आणि डहाणूत कोळशाचे 500. बाकीची वीज बाहेरून येते.

बाहेरून म्हणजे कुठून, हे बघायचं असेल तर भिवंडीजवळ पडघ्याला जा. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची एक उच्चदाब डीसी लाइन आहे, 1500 मेगावॉटची, 1999 साली सुरू झाली. ती कशासाठी बांधली हे नकाशा बघितला की कळतं: कोळसा वर्धा नदीच्या खोऱ्यात आणि गिऱ्हाईक समुद्राकाठी. कोळसा वाहून आणण्यापेक्षा करंट आणायचा. राख आणि धूर तिकडे, प्रकाश इकडे. चंद्रपूरचं केंद्र 1983 साली सुरू झालं, आज 2920 मेगावॉटचं आहे. 2009 साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने जी अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रं जाहीर केली त्यांत चंद्रपूर होतं. माझं निम्मं आयुष्य विदर्भात गेलं. सकाळी स्कूटरच्या सीटवर बोटाने नाव लिहिता यायचं, एवढी राख बसलेली असायची. पार्ल्यात बसून 'आपली वीज पाण्याची' म्हणणं मला जड जातं ते यामुळे.

आता मुद्द्याचा इतिहास. देशाने एक दिवस बसून 'आपण कोळशावर चालू' असं ठरवलं नाही. 1947 साली स्थापित क्षमता होती 1362 मेगावॉट, त्यातली एक तृतीयांशाहून जास्त पाण्याची. साठच्या दशकाच्या मध्यात जलविद्युतचा वाटा 45 टक्क्यांपर्यंत गेला. त्याच दशकात, 1962 साली, कोयना सुरू झाली. 1969 साली मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर तारापूरची अणुभट्टी चालू झाली. त्या काळचा कुणी इंजिनियर भेटला असता तर त्याने सांगितलं असतं, भविष्य पाणी आणि अणूचं आहे.

मग काय झालं? धरणाला वेळ लागतो, जमीन लागते, पाण्यावर राज्याराज्यांत भांडण होतं. कोयनेचंच घ्या: कृष्णा लवादाने पश्चिमेला वळवायच्या पाण्याला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. यंत्रं कितीही बसवा, वर्षाला तेवढ्याच पाण्यावर फिरवायची. पाऊस दगा देतो हे 1972 च्या दुष्काळाने वेगळं शिकवलं. 1973 ला तेल महागलं. त्याच वर्षी उरलेल्या कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, 1975 च्या नोव्हेंबरात एका आठवड्याच्या अंतराने कोळसा काढणारी कोल इंडिया आणि वीज बनवणारी एनटीपीसी या सरकारी कंपन्या जन्माला आल्या. तिथून गाडी रुळाला लागली. खाणीच्या तोंडावर 200-210 मेगावॉटची युनिटं, भेल या सरकारी कारखान्याची यंत्रं, एकसारखे आराखडे. कोराडी, नाशिक, परळी, भुसावळ, चंद्रपूर ही सगळी त्या पंधरा-वीस वर्षांतली. एक युनिट चालवायला शिकलेला माणूस दुसऱ्या केंद्रात बदली झाली तरी पहिल्या दिवसापासून कामाला लागायचा. ही गोष्ट आकडेवारीत दिसत नाही, पण तंत्रज्ञान देशात रुजतं ते अशाने.

मधे आपण गॅसकडे वळायचा प्रयत्न केला. दाभोळ आठवत असेल. 1992 साली एन्रॉनशी बोलणी, 1999 साली पहिला 740 मेगावॉटचा टप्पा, 2001 मध्ये केंद्र बंद. वीज परवडेना. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या गॅसवर भरवसा ठेवून देशभर गॅसची केंद्रं बांधली गेली आणि गॅस आटला. ती आजही बरीचशी झाकून ठेवल्यासारखी आहेत. 2003 चा वीज कायदा आला, खासगी केंद्रं आली, बंदरावर आयात कोळशाचे प्रकल्प आले. गुजरातेतल्या मुंद्र्याच्या अशाच 4000 मेगावॉटसाठी 2006 साली युनिटला 2 रुपये 26 पैसे बोली लागली होती! मग 2010 साली इंडोनेशियाने निर्यातीच्या कोळशाला किमतीचा नियम लावला आणि गणित फिसकटलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पर्याय शोधले गेले नाहीत असं नाही. प्रत्येक पर्यायाने कुठे ना कुठे हात वर केले आणि दर वेळी कोळसा खालून येऊन भार उचलून गेला.

कोळसाही काही शहाण्या मुलासारखा वागत नाही. आपल्या कोळशात राख 35 ते 45 टक्के. विजेच्या एका युनिटाला साधारण पाऊण किलोच्या थोडा आत कोळसा लागतो. म्हणजे तुमच्या बेडरूमचा एसी रात्रभरात आठ युनिटं खात असेल, तर तिकडे कुठेतरी घमेलंभर कोळसा जळतो आणि दोन किलो राख उरते. केंद्रातला 210 मेगावॉटचा एक संच पूर्ण लोडवर दिवसाला साडेतीन हजार टन खातो, म्हणजे जवळपास एक मालगाडी. केंद्रावर मोजणी टनांत नसतेच, रेकमध्ये असते, रेक म्हणजे अशी एक अख्खी मालगाडी. "आज किती रेक?" हा सकाळच्या मीटिंगचा पहिला प्रश्न.

आणि पावसाळा. जुलैतली एक रात्र सांगतो, केंद्राचं नाव राहू द्या. कोळसा खाणीतूनच भिजून आलेला, काळ्या चिखलासारखा. वॅगन टिपलरवर डबा उलटा केला तरी निम्मा माल डब्याला चिकटून राहायचा. बंकर वरून भरलेला दिसतोय, पण खाली च्यूटमध्ये, म्हणजे कोळसा घसरत येतो त्या नळात, चोक. चार कामगार घण घेऊन च्यूटवर ठोकताहेत, तो आवाज अजून कानात आहे. कोळसा दळणाऱ्या मिलला कोळसा मिळेना, एक मिल गेली, दुसरी डळमळली, भट्टीतली ज्योत थरथरायला लागली. तेल मारून ज्योत धरली. तेवढ्यात राज्याच्या विजेचा ताळमेळ ठेवणाऱ्या कळव्याच्या लोड डिस्पॅचमधून फोन, "साहेब, तुमचं लोड का पडतंय? फ्रिक्वेन्सी बघा." बघितली, 48.8. असायला हवी 50, मागणीपेक्षा वीज कमी पडली की ती उतरते. नव्वदच्या दशकात हा आकडा बघून कुणाला फेफरं येत नसे, आज 49.8 झाली तरी धावपळ होते. पहाटे चारला युनिट सावरलं. सकाळी मुंबईत गाड्या वेळेवर सुटल्या असतील. मुंबईला त्या काळात भारनियमन माहीतच नव्हतं, विदर्भातल्या ज्या गावाशेजारी आमचं केंद्र होतं तिथे होतं.

अशा यंत्राचा एक स्वभाव आहे आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात दडलंय. कोळशाचं युनिट थंड झालं तर पुन्हा चालू व्हायला आठ-दहा तास सहज जातात. लोड वरखाली करायचं तर मिनिटाला क्षमतेच्या एखाद टक्क्याने. बॉयलरचे पाइप, टर्बाइनचं जाड लोखंड, सगळं हळूहळू तापतं, हळूहळू निवतं. घाई केली की ट्यूब लीक. म्हणून दुपारी तुमचं सोलर जोरात असताना आम्ही युनिट बंद करत नाही, दाबून ठेवतो. सध्या नियमाने 55 टक्क्यांपर्यंत, पुढे टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत खाली आणायचं आहे. बंद केलं तर संध्याकाळी कोण उचलणार? दुपारचं दाबलेलं युनिट म्हणजे संध्याकाळचं आगाऊ आरक्षण. त्यात जो कोळसा जळतो तो दुपारच्या विजेसाठी कमी आणि सातच्या विजेसाठी जास्त.

संध्याकाळी सातला काय होतं बघा. सोलर शून्य. ऑफिसं अजून चालू, घरं उघडली, लोकल खच्चून भरलेल्या, एसी लागले, लिफ्टची ये-जा, पाण्याचा पंप. कोळशावरचं अवलंबित्व मोजायचं तर वर्षाच्या टक्केवारीत मोजू नका, घड्याळात मोजा. दुपारी एकला देश पूर्वीपेक्षा बराच मोकळा झालाय. 30 मे 2024 ला अडीच लाख मेगावॉटची विक्रमी मागणी दिवसाउजेडी भागली, त्यात सोलरचा हात मोठा होता. संध्याकाळी सात ते रात्री अकरा मात्र आपण अजून 1990 मध्येच आहोत.

तुमच्या सोसायटीचं बिल शून्य आलं ते नेट मीटरिंगमुळे. दुपारी तुम्ही ग्रिडला दिलेलं युनिट आणि रात्री घेतलेलं युनिट कागदावर फिटतं. कागदावरच. दुपारचं तुमचं युनिट शेजारच्या दुकानाने वापरलं, रात्रीचं तुमचं युनिट चंद्रपूरहून, मुंद्र्याहून किंवा ट्रॉम्ब्याहून आलं. मीटरला वास येत नाही. यात तुमची फसवणूक काही नाही, दुपारचा कोळसा तुम्ही खरोखर वाचवलात. पण रात्रीचा तेवढाच आहे.

मुंबईला यात आणखी एक गाठ आहे. शहरात वीज आणायच्या वाटा मोजक्या. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमाराला कळवा-पडघा पट्ट्यातल्या लाइनी गेल्या आणि शहर बसलं, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. बाहेरचं ग्रिड गडबडलं की मुंबईने स्वतःला तोडून घ्यायचं आणि आतल्या केंद्रांवर तगायचं, अशी आयलंडिंगची योजना ऐंशीच्या दशकापासून आहे. त्या दिवशी ती टिकली नाही. तगायला आत पुरेशी चालती वीज लागते. म्हणून शहराच्या पोटातलं ट्रॉम्बे बंद करा ही मागणी माहुल-चेंबूरच्या रहिवाशांच्या दृष्टीने शंभर टक्के रास्त असली, तरी नवी वाट झाल्याशिवाय ते कुणी करू धजत नाही. 2023 साली खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची लाइन आली, तो मला गेल्या दहा वर्षांतला मुंबईतला सगळ्यात मोठा 'हरित' प्रकल्प वाटतो, जरी त्यात एकही पॅनेल नसलं तरी. वाट असेल तरच जैसलमेरचं ऊन किंवा साताऱ्याचा वारा पार्ल्यात पोचेल.

डहाणूचा उल्लेख वेगळा करतो. तिथे चिकूच्या बागा, 1991 पासून तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्राधिकरण बसलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष. त्यांच्या रेट्यामुळे धुरातला गंधक धुणारी यंत्रणा तिथे 2007 मध्येच बसली. देशातल्या बाकी बहुतेक केंद्रांना 2015 साली नियम आले आणि मुदत पुढे पुढेच सरकत गेली. आमच्या धंद्यातले लोक म्हणतात भारतीय कोळशात गंधक कमी, खर्च कशाला. कमी आहे हे खरं. पण बागाईतदार चिकाटीने न्यायालयात उभे राहिले तिथे यंत्रणा बाकीच्यांच्या आधी बसली, हेही खरं.

आता शेवटचा प्रश्न, किती वर्षं. सरकारी आराखड्यात 2031-32 पर्यंत औष्णिकची किमान 80 हजार मेगावॉट नवी क्षमता धरली आहे. आज पाया घातलेलं युनिट पंचवीस वर्षांच्या हिशेबाने बांधतात आणि चाळीस वर्षं वापरतात. त्यामुळे 'कोळसा संपला' हे माझी नातवंडं म्हणतील, मी नाही. पण सगळ्या युनिटांनी सगळा वेळ चालावं असं यात कुठे लिहिलेलं नाही. कोळशाला पहारेकऱ्याच्या कामावर आणायचं, रोजच्या कष्टाला नाही, हे शक्य आहे आणि ते पंधरा-वीस वर्षांत व्हावं असा माझा अंदाज. ते ठरणार साठवणुकीवर.

साठवणुकीची ताकद मी 5 एप्रिल 2020 ला पाहिली. रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे घालवायचं आवाहन होतं. मागणी सुमारे 31 हजार मेगावॉटने कोसळली आणि लगेच परत चढली. तेव्हा निवृत्त होतो तरी घरी हात घामेजले होते. कोळशाची युनिटं एवढ्या वेगाने हलूच शकत नाहीत. सांभाळलं ते मुख्यतः पाण्याने, देशभरची जलविद्युत केंद्रं काही मिनिटांत खाली आली आणि पुन्हा वर गेली. धरणातलं पाणी म्हणजे सगळ्यात जुनी बॅटरी. दुपारच्या स्वस्त सोलरवर पाणी वर चढवायचं आणि सातला खाली सोडायचं. घाटघरला 250 मेगावॉटचा असा प्रकल्प चालू आहे, भिऱ्याला 150 मेगावॉटचं एक युनिट आहे. आता भिवपुरी आणि शिरवत्याला मिळून 2800 मेगावॉटचे प्रकल्प करायचा करार 2023 मध्ये झाला आहे. म्हणजे मुंबई पुन्हा त्याच डोंगरांकडे निघाली आहे. या खेपेला डोंगरातल्या गावांशी आधी बोलून निघावं, एवढंच वाटतं.

रसायनाच्या बॅटऱ्यांचे भावही पडले आहेत, दोन-चार तासांच्या संध्याकाळसाठी त्या आता खरोखर स्पर्धेत आहेत. शेतीपंपांचे फीडर, म्हणजे त्यांना वीज नेणाऱ्या लाइनी, सोलरवर दिवसा चालवण्याची राज्याची योजना मला सगळ्यात जास्त पटते, कारण ती मागणीच उचलून दुपारी नेऊन ठेवते. रात्री दोनला साप-विंचवात पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याची सुटका, आणि आमच्या युनिटांचीही.

हेच तुम्हाला करता येईल. तुमच्या वॉचमनला विचारा, टाकीचा पंप कधी लावतो. बहुतेक सोसायट्यांत सकाळी सहा आणि संध्याकाळी सात. गच्चीवरची टाकी मोठी असेल तर पंप दुपारी बारा ते तीनमध्ये लावायला सांगा. सोसायटीत इलेक्ट्रिक गाड्या असतील तर त्यांचा चार्जरही संध्याकाळी आल्या आल्या नको, घरी असलेल्या गाड्यांना दुपारी, बाकीच्यांना मध्यरात्रीनंतर. टायमर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.